हंगाम सरू द्या

यंदा थंडी उशिरा आली, पण वास वेळेवर आला. परवा गच्चीवर उन्हात केस वाळवत बसले होते, तर नदीच्या बाजूनं वारा सुटला आणि त्याच्याबरोबर उकळत्या उसाच्या रसाचा तो गोड, किंचित धुरकट वास. आता आमच्याकडची गुऱ्हाळं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. बहुतेक ऊस ट्रॅक्टरवर कर्कश गाणी लावून साखर कारखान्याला जातो. तरी कुणीतरी हट्टानं अजून चुलवाण पेटवतो आणि मग शिवाजी पेठेतल्या माझ्या गच्चीपर्यंत मार्गशीर्ष येऊन पोचतो. हा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझा दिवस बिघडतो.

शेजारची सूनबाई कालच कौतुकानं काकवीची बाटली घेऊन आली. "ताजी आहे, आजी," म्हणाली. मी ठेवून घेतली. तिला दुखवायचं कशाला? पण पोळीला लावून एकच घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं झाली तरी तेच. माणूस म्हातारा होतो, पण त्याच्या काही आठवणी काही केल्या म्हाताऱ्या होत नाहीत, त्याला इलाज नाही.

आमचं मूळ गाव पंचगंगेच्या पलीकडं. पहाटे कोल्हापुरातून चालायला लागलं तर न्याहरीच्या वेळेला पोचावं, इतकंच लांब. वडील शहरात शिक्षक, म्हणून आम्ही शहरात. पण हंगाम सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी दादा आणि मी गावाकडं पळायचो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंत. गावात शिरायच्या आधीच गुऱ्हाळ लागायचं. बैल घाण्याभोवती फिरतायत, चिपाडांचे ढीग वाळतायत, चुलवाणाच्या तोंडातून जाळ बाहेर येतोय, आणि वर ती एवढी मोठी काहील, आमच्यासारखी चारपाच पोरं आत आंघोळीला बसली असती. काहिलीच्या कडेला दौलूतात्या उभा.

दौलूतात्या हा गुळव्या. रसाचा गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस. रस उकळायला लागला की वर मळी येते. ती रानभेंडीचं पाणी घालून काढायची. मग रस पिवळा होतो, मग तांबूस, मग मोठे मोठे फुगे येऊन फुटायला लागतात, आणि मग एक क्षण असा येतो की काहील उतरवायलाच हवी. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. तो क्षण तात्या डोळ्यांनी धरायचा. एका डोळ्यानं, खरं तर. उजवा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेला होता. "दोन डोळं असलेल्यास्नी दोन रंग दिसत्यात. मला येकच दिसतोय, म्हणून चुकत न्हाई," असं तो म्हणायचा आणि आम्हाला ते अगदी खरं वाटायचं. दादावर त्याचा फार जीव. उसाच्या कांडक्याला गरम गूळ गुंडाळून पहिला घास दादाला, मग मला. मी रुसले की म्हणायचा, "तू हितंच हाईस की गं. ह्यो जाणार लांब कुटंतरी."

आणि दादा गेलाच. डॉक्टर झाला, डोळ्यांचा झाला, आणि लढाई संपता संपता आफ्रिकेत, नैरोबीला नोकरी धरून गेला. तिथं त्याचं बरं चाललं होतं. पण लांब गेलेल्या माणसाच्या मनात गाव एकाच ऋतूत थांबून राहतं, असं मला आता वाटतं. दादाच्या मनात बारा महिने गुऱ्हाळ चालू असायचं. पत्रात आमची ख्यालीखुशाली दोन ओळींत उरकायचा आणि मग सुरू व्हायचा: चुलवाण पेटलं का? यंदा गूळ कसा पडलाय? तात्या बरा आहे ना? देश स्वतंत्र झाल्यावर तर त्याला तिकडं करमेना. आपल्याकडं माणसं साध्या मोतीबिंदूनं आंधळी होऊन ओसरीवर बसतात आणि मी इथं साहेबांना चष्मे लावतोय, असं लिहायचा. ते वाचून आई डोळे पुसायची आणि वडील म्हणायचे, येईल, येईल, त्याचं रक्त इथलंच आहे.

पन्नास साल उलटल्यावरच्या एका हिवाळ्यात तो खरोखरच आला. एकटा नाही. बरोबर नैरोबीतलाच एक डॉक्टर मित्र आणि त्याची नर्स बायको, दोघं मूळचे गोव्याकडचे. तिघांनी रजा साठवून आणली होती. एका मोठ्या काळ्या ट्रंकेत हत्यारं, औषधं आणि पट्ट्या. गावात देवळाशेजारच्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरवायचं ठरलं.

गावानं स्वागत काय केलं! हलगी वाजली, तिघांना फेटे बांधले, नर्सबाईंनासुद्धा. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले, ज्यांचा डोळ्यांशी काडीचा संबंध नाही असेही बरेच जण बोलले. दादा फेट्यात नवरदेव दिसत होता आणि राहून राहून मान वळवून गुऱ्हाळाकडं बघत होता. भाषणं संपायच्या आतच तो तिकडं सटकला. तात्यानं न विचारता कांडक्याला गूळ गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. एवढा मोठा डॉक्टर, पण गरम गुळानं तोंड पोळलं तरी थुंकेना. डोळ्यांत पाणी आलं ते पोळल्याचं की कशाचं, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. धर्मशाळेत गवत पसरून वर गाद्या घातल्या होत्या. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते, रजा काढून मदतीला गेले होते. आलं कोण? शहरातून टांगे करून आलेले पेन्शनर, देवदेव करणाऱ्या म्हाताऱ्या, आणि जयसिंगपूरचे एक व्यापारी, ज्यांना नुसता चष्म्याचा नंबर बदलून हवा होता. त्यांचेही डोळेच, मी त्यांना नावं ठेवत नाही. ऑपरेशनं झाली, चांगली झाली. पण ज्यांच्यासाठी दादा समुद्र ओलांडून आला होता, ती माणसं उसाच्या फडात होती. कुणी तोडणीवर, कुणी घाण्यावर, कुणी गाडी जुंपून शाहूपुरीच्या गूळबाजाराकडं निघालेलं. निम्म्या गाद्या रिकाम्या राहिल्या. दादा दारात उभा राहून रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारायचा. "या की पावणं, बघू तरी डोळा!"

"येतो की, दाक्तर. हंगाम सरू द्या."

सगळ्यांचं हेच. त्यांचंही खोटं नव्हतं. आत्ताचं ऑपरेशन वेगळं, तेव्हाचं वेगळं. डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणं पडायचं. खोकायचं नाही, चावायचं नाही, हसायचं नाही. एका म्हातारीला दादानं हसू नका म्हणून सांगितलं, तर तिला त्याचंच हसू येत राहिलं आणि नर्सबाई तिचा हात धरून बसल्या. घरी गेल्यावरही कितीतरी आठवडे धूर नाही, जाळ नाही, ओझं नाही. ऐन हंगामात हे कुणाला जमणार?

तात्याला मात्र दादानं जवळजवळ ओढूनच आणलं. त्याच्या त्या एकुलत्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

"कसं दिसतंय, तात्या?"

"रसावर मळी आल्यावानी. खाली हाय समदं, पर वर साय."

दादानं खोलीचं दार लावलं, बॅटरी पेटवून डोळ्यासमोर धरली. "उजेड कुठनं येतोय सांग."

"वरनं."

"आता?"

"डाव्या अंगानं."

"आता?"

"आता तू म्होरं हात धरलायस. लपाछपी खेळाय मी काय ल्हान प्वार हाय व्हय?"

दादा इतका खूश झाला की त्यानं तात्याला मिठीच मारली. मला म्हणाला, "मागचा पडदा शाबूत आहे, सुमे. उजेड कुठून येतो हे कळतंय तोवर भीती नाही. मोतीबिंदू काढला की याला सगळं दिसेल. उद्याच करू." मला ते तेव्हा नुसतं डॉक्टरी बोलणं वाटलं.

"उद्या?" तात्या उठून उभाच राहिला. "वसंता, मी विडा घेतलाय."

हंगामाच्या आधी चुलवाणाची पूजा होते. त्या वेळी गुऱ्हाळावर पाळी लावलेले शेतकरी गुळव्याच्या हातात विडा ठेवतात. तो एकदा घेतला की शेवटची काहील उतरेपर्यंत गुळव्या जागा सोडत नाही. घरात लग्न असलं तरी नाही. "साऱ्या गावचा ऊस हुबा हाय फडात," तात्या म्हणाला. "मी आडवा पडलो तर त्यो वाळून जाईल की. हंगाम सरू दे."

"हंगाम सरेपर्यंत माझी बोट गेलेली असेल, तात्या."

"मग फुडल्या साली. मोतीबिंदू काय पळून जातोय? तंवर पिकंल चांगला. तूच म्हनलास न्हवं त्या म्हातारीला, अजून पिकला न्हाई, थांबा म्हनून?"

दादा तसं म्हणाला होता खरं. तेव्हा सगळेच डॉक्टर म्हणायचे. तात्याचं तर आयुष्य कच्चं काय आणि तयार काय हे बघण्यात गेलेलं. डोळ्याचंही तसंच असणार, जितका उशीर तितकं चांगलं, असं त्यानं मनाशी धरून टाकलं. त्यावर दादानं पुष्कळ सांगून बघितलं, फार पिकला तर डोळाच जातो म्हणून, पण गुळव्याला पिकणं म्हणजे काय हे कोण शिकवणार?

निघायच्या आदल्या दिवशी तात्याची बायको, पारूआक्का, गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेपच, घेऊन आली. येताना ट्रंकेत औषधं आली होती, जाताना तिच्यात गूळ निघाला होता. रवा नीट बसवता बसवता आक्कानं सरळ विचारलं, "दाक्तर, तुमी शिमग्याला का येत न्हाईसा? तवा समदी मोकळी असत्यात की."

दादा हसला. "शिमग्याला काहील पालथी पडलेली असते, आक्का. मग मी येऊन बघू काय?"

आम्ही सगळे हसलो. आक्काही हसली. मी ट्रंकेवर बसले, दादानं कडी लावली.

या एका वाक्याभोवती मी घाण्याच्या बैलासारखी किती वर्षं फिरतेय! डोळ्यांची ऑपरेशनं थंडीतच करावीत, उन्हाळ्यात जखम चिघळते, असं तेव्हा मानत. दादानं ते कारण पुढं केलं असतं तर मला आज मान्य झालं असतं. पण तो खोटं बोलणारा नव्हता. ज्या हंगामासाठी त्याचा तिकडं जीव तुटायचा, त्याच हंगामात तो आला. त्यात वाईट ते काय? माझा तर हेवा वाटावा असा भाऊ होता तो. फक्त एवढंच की त्याला हंगाम बघायचा होता आणि इथल्यांना तो करायचा होता. करणाऱ्याला आजारी पडायलासुद्धा सवड लागते, हे त्याच्या आठवणीत कुठं नव्हतंच. लहानपणी आम्ही गुऱ्हाळावर खायलाच गेलो होतो ना.

पुढच्या वर्षी तिघं पुन्हा आले. पुन्हा मार्गशीर्ष, पुन्हा हलगी. फेटा मात्र नर्सबाईंनी हात जोडून नाकारला. तात्याच्या डोळ्यातला पांढरेपणा आता लांबूनही दिसायचा. काहिलीपाशी उभा राहून तो जाळ घालणाऱ्या गड्याला विचारायचा, "तांबूस आला का रं?" ते ऐकलं की दादा माझी नजर चुकवायचा. वासावर आणि गार पाण्यात थेंब टाकून बोटांनी वळलेल्या रसाच्या गोळीवर तात्या निभावून नेत होता. एका दुपारी काहील करपली. कुणी चकार शब्द काढला नाही, इतका त्याचा मान. तात्या त्या काळ्या गुळाकडं तोंड करून बसून राहिला, आणि पहिल्यांदाच मला तो म्हातारा दिसला.

दादानं त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. "आत्ता चल. नाहीतर असं कर, शिमगा झाला की कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात जा. तिथले डॉक्टर चांगले आहेत, मी सांगून ठेवतो."

तात्या दुखावला. "घरचा दाक्तर असताना परक्याच्या हातात डोळा दिऊ व्हय? येकच हाय माझ्याजवळ." मग चाचपडत त्यानं दादाचा दंड धरला आणि आवाज खाली आणला. "तू फुडल्या साली येनारच की. फुडल्या साली मी विडाच घेत न्हाई बग. तुझ्यासाटनं मोकळा ऱ्हातो."

दादा आलाच नसता तर तात्या शिमग्यानंतर मुकाट्यानं सरकारी दवाखान्यात गेला असता का? मला वाटतं, गेला असता. आक्कानं नेलाच असता. हे मी दादाला कधी बोलून दाखवलं नाही. त्याला ते माझ्या आधी कळलं होतं.

गेल्या श्रावणात माझाही मोतीबिंदू काढला. सकाळी गेले, दुपारी घरी येऊन आमटीभात खाल्ला. कुठला महिना, कुठला हंगाम, कुणी विचारलंसुद्धा नाही. तपासताना त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छोटी बॅटरी डोळ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "आजी, उजेड कुठून येतोय?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना वाटलं मला दिसत नाही, बिचाऱ्या घाबरल्या. "दिसतंय हो, दिसतंय," मी म्हटलं, "जरा थांबा."

दादा त्या दोन शिबिरांनंतरही पुष्कळ वर्षं येत राहिला, रजा मिळेल तेव्हा, आणि येईल तो चैत्रात. धर्मशाळेला गोणपाटाचे ओले पडदे लावायचे, माठ भरून ठेवायचे, जखमा काही चिघळल्या नाहीत. गाद्या पुरेनात म्हणून लोक देवळात निजले. किती जणांना दिसायला लागलं, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. गावात अजून त्याचं नाव काढतात, आणि काढावंच. पण पेटलेलं चुलवाण त्यानं पुन्हा बघितलं नाही, आणि जाताना ट्रंक रिकामीच न्यायचा. मी एकदा गूळ द्यायला गेले तर म्हणाला, "नको गं सुमे, आता चालत नाही मला." मधुमेह वगैरे काही नव्हता त्याला. तिकडंच, नैरोबीलाच तो वारला.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे तात्यानं विडा घेतला नाही त्या वर्षी, दादाला रजाच मिळाली नाही. त्या देशात दंगेधोपे सुरू झाले होते, दवाखान्यातून कुणाला हलू देईनात. इकडं तात्या आयुष्यात पहिल्यांदा हंगामाच्या दिवसांत रिकामा बसला. गुऱ्हाळावर दुसरा गुळव्या होता. तात्या धर्मशाळेच्या कट्ट्यावर, घोंगडं पांघरून. मी रविवारी गेले की पायरवानं ओळखायचा. "बाई, बोट लागली का?"

"अजून नाही, तात्या."

"लागंल की. मी हितंच हाय."

त्या पावसाळ्यात त्याचा डोळा दुखायला लागला. लालभडक झाला, कपाळ फुटेलसं वाटायचं, ओकाऱ्या व्हायच्या. नदीला पूर आलेला, गावाची वाट पाण्याखाली, शहरात आम्हाला काही कळलं नाही. आक्कानं बकरीच्या दुधाच्या घड्या ठेवल्या, कोथिंबिरीचा रस घातला. आणि मग दुखणं आपोआप थांबलं. पूर ओसरल्यावर मी गेले, तर दोघं आनंदात. "देवानं ऐकलं बगा," आक्का म्हणाली. मलाही बरं वाटलं आणि मी दादाला तसंच कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: मी येतोय.

रजा, बोट, सगळं जुळेपर्यंत चैत्र उजाडला. तो एकटाच आला. ट्रंक नाही, हातात नुसती बॅग. गावाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळं हलगी नाही, भाषणं नाहीत. आम्ही दोघं नदीकाठानं चालत निघालो. फड मोकळे झाले होते, पाचट जाळल्याच्या काळ्या खुणा तेवढ्या जमिनीवर. गुऱ्हाळापाशी आलो. चुलवाण गार, त्याच्या तोंडाशी कुत्रं झोपलेलं. शेजारी काहील पालथी पडलेली. दादा थांबला. त्यानं तिच्या बुडावर हात ठेवला. उन्हानं ती चांगलीच तापली होती, तरी त्यानं हात काढला नाही. मीच शेवटी म्हटलं, चल.

तात्या ओसरीवर वाट बघत होता. नवा पटका बांधला होता. "वसंता? ये, ये. यंदा मी तयारीत हाय. आता पार पिकलाय बग! मागं थोडंथोडं दिसायचं, त्येबी गेलं. समदा अंधार." चांगली बातमी द्यावी तसं तो सांगत होता. दारात आक्का उभी होती, तिच्याही चेहऱ्यावर हसू.

"दुखलं होतं म्हणे?" दादानं विचारलं.

"लई. पर थांबलं आपलं आपन."

दादानं त्याला आतल्या खोलीत नेलं, खिडकी लोटून घेतली. बॅगेतून बॅटरी काढली आणि पेटवली. मी तात्याच्या शेजारीच बसले होते. उजेड त्याच्या डोळ्यावर लख्ख पडला होता, पापणीचा केस न् केस दिसत होता.

"तात्या, उजेड कुठनं येतोय सांग."

तात्यानं मान वर केली. 

"लाव की," तो म्हणाला. "लावलीस की सांगतो."

दादानं बॅटरी वरून धरली. बाजूनं धरली. अगदी पापणीला टेकेल इतकी जवळ नेली. तात्या तोंड थोडं उघडं ठेवून, सगळं लक्ष एकवटून वाट बघत होता. मग दादानं बटण दाबून ती बंद केली.

"सेल उतरलेत, तात्या," तो म्हणाला. त्याचा आवाज सरळ आला, याचं मला अजून नवल वाटतं.

तात्यानं हात पुढं केला, त्याचा गुडघा शोधला आणि थोपटला.

"असू दे की. कोल्हापुरातनं नवं आण जा. मला काय घाई न्हाई. हंगाम सरलाय, आता मी मोकळाच हाय."